दाराकडच्या बाजूची गादी

भाऊसाहेबांनी नवी गादी घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांना गादीची गरज नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे दुकानातला विक्रेता, मेव्हणा आणि इमारतीचे सेक्रेटरी यांना उगाच बोल लागायचा. घरात गादी होती, चांगली धडधाकट होती, आणि आतल्या खोलीत तिच्यावर वहिनी एकट्या झोपत होत्या. वहिनी म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, म्हणून आपणही तेच म्हणू. भाऊसाहेब स्वतः बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून जमिनीवर झोपत. त्यांना गरज होती ती बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत जायची.

आता या दोन खोल्यांमध्ये अंतर ते केवढं? एक अरुंद बोळ आणि एक दार. तेही दार कधी बंद नसायचं. पण काही अंतरं चालून कापता येत नाहीत.

झालं होतं ते एवढंच, की एकदा कपाटावरची बॅग काढताना भाऊसाहेबांच्या पाठीत उसण भरली. डॉक्टर म्हणाले, "काही दिवस जमिनीवर झोपा." काही दिवस म्हणजे किती, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि भाऊसाहेबांनी विचारलं नाही. पाठ बरी झाली. पण तोवर उन्हाळा आला, बाहेरच्या खोलीत वारा बरा यायचा. मग वहिनींना खोकला झाला. मग भाऊसाहेबांना पहाटे उठून फिरायला जायची हुक्की आली. असं करता करता दोन वर्षं होत आली. भांडण नाही, रुसवा नाही, घरात गोडीगुलाबी. भांडण झालं असतं तर बरं, ते मिटवता तरी येतं. जे झालंच नाही, ते कुठल्या तोंडानं मिटवायचं?

दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर गृहस्थ एके दिवशी उशी काखोटीला मारून आत गेला असता. पण भाऊसाहेब पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते आणि त्यांच्याकडे टेबल होतं पुनर्जोडणीचं. बंद केलेला नळ ज्याला पुन्हा सुरू करून हवा असेल, त्याला त्यांच्यासमोर उभं राहावं लागे. या टेबलामागे बसून त्यांच्या हाडीमाशी एक तत्त्व खिळलं होतं. चालू असलेली गोष्ट जन्मभर चालू द्यावी, कुणी विचारत नाही. मात्र एकदा बंद पडलेली गोष्ट नुसती सुरू करता येत नाही. तिला कारण लागतं, जागेची पाहणी लागते आणि शक्यतो नवा पाईप लागतो. कारण भाऊसाहेबांना सापडत नव्हतं. तेव्हा त्यांनी पाईपापासून सुरुवात केली.

"गादी बदलायला हवी," सकाळच्या चहाला ते म्हणाले.

"कुणाची?" वहिनींनी विचारलं.

"आपली."

वहिनींच्या हातातली गाळणी किंचित तिरकी झाली आणि थोडी चहापत्ती कपात पडली. "बरं," त्या म्हणाल्या. भाऊसाहेबांनी तो पत्तीचा चहा न कुरकुरता प्यायला.

गादीसारखी खासगी गोष्ट शेजाऱ्यांच्या कानावर कशी जाते, हे एक कोडंच आहे. संध्याकाळपर्यंत शेजारच्या मावशी सल्ला घेऊन हजर.

"कडक घ्या हो भाऊसाहेब. मऊ गादीनं माणूस कामातून जातो. आमच्या ह्यांना हौसेनं मऊ आणली आणि ते उठेचनात!"

"अरे बापरे! म्हणजे?"

"म्हणजे उठतात. पण नऊ वाजता."

वहिनींच्या धाकट्या भावाला तर बोलवावंही लागलं नाही. भाऊसाहेबांचा हा मेव्हणा देहानं ऐसपैस आणि मतानं त्याहून. ज्या विषयातलं त्याला ओ की ठो कळत नसे, त्या विषयावर तो विशेष ठाम असे, आणि असे विषय पुष्कळ होते.

"दाजी, फोमच्या नादाला लागू नका. फोम म्हणजे दगा. आज फुगलेला, उद्या बसलेला. स्प्रिंग तर नकोच नको, एक जण कुशीवर वळला की दुसरा छताला. काथ्या घ्या. काथ्या म्हणजे भरवसा!"

"पण काथ्या टोचत नाही का रे?" वहिनींनी विचारलं.

"ताई, भरवसा थोडा टोचतोच."

भाऊसाहेबांनी आपल्या डॉक्टरांनाही विचारून पाहिलं. ते म्हणाले, "फार कडक नको, फार मऊ नको, ज्यावर तुम्हाला दोघांना शांत झोप लागते ती घ्या." इतकं कुणालाही कळेल असं बोलणारा डॉक्टर भाऊसाहेबांना कच्चा वाटला. शिवाय 'दोघांना' या शब्दापाशी त्यांना कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटल्या, म्हणून ते लवकर उठले.

शनिवारी तिघं गादीच्या दुकानात गेले. तिघं अशासाठी, की मेव्हणा रिक्षात आधीच बसला होता.

दुकान म्हणजे मोठा थोरला हॉल, आणि रस्त्याच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच. आत पलंगच पलंग. टाय लावलेला एक विक्रेता हसत पुढे आला आणि त्यानं पहिलाच प्रश्न केला, "साहेब पाठीवर झोपतात, कुशीवर की पोटावर?"

भाऊसाहेब नोकरीला लागल्यापासून त्यांना इतकं खासगी कुणी विचारलं नव्हतं. "गरजेप्रमाणे," ते म्हणाले. टेबलावर अवघड प्रश्न आला की ते हेच उत्तर देत.

विक्रेत्याला सवय असावी. त्यानं गाद्या दाखवायला सुरुवात केली. ही काथ्याची, ही स्प्रिंगची, ही रबराची, ही वरून मऊ खालून कडक, ही उलट केली की उन्हाळ्याची. एका गादीवर त्यानं पंजा दाबून धरला आणि उचलला. पंजाचा ठसा जागच्या जागी राहिला.

"ही तुमच्या अंगाचा आकार लक्षात ठेवते, साहेब."

"आणि दुसरंच कुणी झोपलं तर?" वहिनींनी विचारलं. विक्रेत्यानं घाईनं ठशावरून हात फिरवला. हे त्याला कुणी शिकवलं नसावं.

"झोपून बघा, साहेब. झोपल्याशिवाय गादी कळत नाही."

भाऊसाहेबांनी बूट काढले आणि तेव्हा त्यांना आठवलं, की आज डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे. आता माघार नव्हती. डावं पाऊल उजव्या पावलाखाली दडवून ते आडवे झाले, हात अंगाला चिकटवून, नजर छताकडे लावून. पाठीखाली गादी आहे की फरशी, याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. लक्ष होतं काचेकडे. काचेपलीकडे फुटपाथवर एक माणूस थांबला होता आणि डोळे बारीक करून आत बघत होता. भाऊसाहेबांनी त्याला ओळखलं. त्याच्या नळाचं प्रकरण त्यांनी गेल्याच आठवड्यात परत पाठवलं होतं. त्या माणसानंही ओळखलं आणि तो मनापासून हसला. झोपल्या झोपल्या जेवढा राखता येतो तेवढा आब राखून भाऊसाहेबांनी मान हलवली.

"वहिनी, तुम्ही पण या ना," विक्रेता म्हणाला. "जोडीची गादी आहे, दोघांनी एकदम झोपून बघायला हवं."

"इश्श! इथं?" वहिनींनी पर्स छातीशी धरली. "लोक बघतायत!"

"इथं नको," भाऊसाहेबही घाईनं म्हणाले. जिथे घरात जमलं नव्हतं, तिथे काचेच्या दुकानात कुठलं जमायला?

इथे मेव्हण्याच्या अंगात कर्तव्यबुद्धी संचारली. "ताई, तू कशाला त्रास घेतेस? मी झोपतो." आणि नको नको म्हणेपर्यंत त्यानं चपला काढून दाजींच्या शेजारी अंग टाकलं सुद्धा. गादी दबली. भाऊसाहेब घरंगळत जाऊन मेव्हण्याच्या कुशीत विसावले. काचेपलीकडचा माणूस आता एकटा नव्हता.

"ही चालणार नाही," विक्रेता गंभीरपणे म्हणाला. "या वजनाला सगळ्यात भक्कम माल हवा." आणि त्यानं दोघांना उठवून दुकानाच्या कोपऱ्यातल्या गादीवर नेलं. ती काथ्याची होती, दुकानात सर्वांत जाड होती आणि मेव्हणा आदळला तरी हूं की चूं करत नव्हती. भाऊसाहेबांना तिच्यावर आपण टेबलावर ठेवलेली फाईल आहोत, असं वाटलं. ते नाही म्हणणार, तेवढ्यात विक्रेत्यानं विचारलं, "साहेबांची बाजू कुठली? डावी की उजवी? म्हणजे त्या बाजूनं जास्त भक्कम शिलाई करून देतो."

आली का पंचाईत! भाऊसाहेबांच्या बाजूला या घडीला होती बाहेरच्या खोलीतली फरशी. मेव्हणा शेजारी पडून कुतूहलानं बघत होता. या पोराला कळलं, की सासरवाडीला कळायला वेळ लागणार नाही. भाऊसाहेब गादीची शिवण बोटानं चाचपू लागले.

"दाराकडची बाजू यांची," वहिनी म्हणाल्या. "मी भिंतीकडे असते."

इतक्या सहज म्हणाल्या, की विक्रेता शिलाईकडे वळला. पण भाऊसाहेब तसेच पडून राहिले. दोन वर्षं सगळा पलंग बायकोचा होता. ऐसपैस मधोमध झोपायला तिला कुणाची ना नव्हती. तरी ती भिंतीकडेच झोपत होती. दाराकडच्या बाजूला इस्त्रीचे कपडे ठेवलेले त्यांनी येता जाता पाहिले होते आणि आपली जागा शर्टांना दिली गेली, असं मनाला लावून घेतलं होतं. ती जागा दिलेली नव्हती, राखलेली होती. त्यांचा जीव एकदम सुपाएवढा झाला. आता उशीर नको, चौकशी नको, ही बाई पुढे काही बोलायच्या आत आपण आत गेलं पाहिजे, एवढंच त्यांना कळलं.

"हीच द्या," ते म्हणाले.

अशा रीतीनं भाऊसाहेबांनी आपल्या संसारासाठी जी गादी निवडली, ती त्यांच्या आणि मेव्हण्याच्या सोयीची होती.

गादी रविवारी दुपारी आली. टेम्पोवाल्यांनी ती इमारतीच्या जिन्यापाशी उतरवली, लिफ्टचा दरवाजा उघडून पाहिला, गादीकडे पाहिलं आणि एकमेकांकडे पाहिलं. "जिन्यानं न्यावी लागेल. वर चढवणं आमच्याकडे नसतं," असं म्हणून ते गेले. मेव्हण्यानं बाह्या सरसावल्या तोच मागून आवाज आला, "थांबा!"

सेक्रेटरी उभे होते. चेहऱ्यावर असं समाधान, की भाऊसाहेबांनी गादीवरचा हात काढून घेतला.

त्याला कारण होतं. सेक्रेटरी मागे मुलाकडे परदेशी जाऊन राहिले होते. जाताना त्यांनी आपला नळ बंद करून घेतला आणि परतल्यावर पुन्हा जोडून घ्यायला ते भाऊसाहेबांच्याच टेबलापाशी आले. शेजारधर्म म्हणून भाऊसाहेबांनी खुर्ची दिली आणि विचारलं, "पाणी कशासाठी हवंय?" सेक्रेटरी म्हणाले, "प्यायला." यावर भाऊसाहेबांनी शेरा मारला होता, 'कारण समाधानकारक नाही.' त्यानंतर कित्येक दिवस सेक्रेटरी बादली घेऊन मावशींकडे पाणी भरत होते.

"जिन्यातून अवजड सामान न्यायला परवानगी लागते, भाऊसाहेब. नियम म्हणजे नियम. तुम्हाला मी काय सांगू?"

"मग द्या परवानगी."

"देतो की! फक्त कारण सांगा. जुनी गादी खराब झाली का?"

आवाज ऐकून मंडळी जमायला लागली. मावशी आल्या, मावशींचे नऊला उठणारे ते आले, वरच्या मजल्यावरचं कुटुंब आलं. गादी भिंतीला टेकवून ठेवली होती, ती कुणीतरी आडवी केली. मग कुणी बसून बघितलं, कुणी झोपून बघितलं. "दगड आहे दगड," मावशी कौतुकानं म्हणाल्या.

"जुनी खराब झाली, की नाही?" सेक्रेटरींनी पुन्हा विचारलं. "झाली असेल तर मी वर येऊन पाहणी करतो."

पाहणी! बाहेरच्या खोलीत सतरंजीची वळकटी कोपऱ्यात उभी होती आणि आत पलंगावर शर्टांची चळत. एक कच्चा कारकूनसुद्धा ते बघून सगळं ओळखेल.

"नाही झाली खराब," भाऊसाहेब म्हणाले.

"मग नवी कशासाठी?"

गेली कित्येक वर्षं भाऊसाहेबांनी माणसांना हाच प्रश्न याच सुरात विचारला होता. समोरच्याला तो कसा ऐकू येतो, हे त्यांना आज कळत होतं. पाहुणे येणारेत म्हणून सांगावं? पाठीवर ढकलावं? ओठांवर दोन चार थापा आल्या होत्या, आणि तेवढ्यात त्यांना दिसलं, की जिन्याच्या वळणावर वहिनी कठड्याला धरून उभ्या आहेत. त्याही उत्तराची वाट बघत होत्या. सेक्रेटरींपेक्षा जास्त.

"मला आत झोपायचंय," भाऊसाहेब म्हणाले.

"काय?"

"आत! आमच्या खोलीत!" भाऊसाहेबांचा आवाज चढला; ज्याची लाज वाटते ते माणूस नेहमी मोठ्यांदा बोलतो. "दोन वर्षं बाहेर सतरंजीवर झोपतोय मी. पाठीचं निमित्त झालं आणि राहिलोच बाहेर. आता मला माझ्या बायकोशेजारी झोपायचंय, आणि नुसतं उठून जायला जमत नाही म्हणून ही गादी आणलीय! आहे काही नियम याला?"

मेव्हणा दाजींकडे आ वासून बघत राहिला. मावशींनी पदर तोंडाला लावला. भाऊसाहेबांना वाटलं, आता हसू फुटणार, आणि उद्यापासून या इमारतीत आपल्याला तोंड दाखवायला जागा नाही.

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मुलाकडे परदेशी ते गेले होते ते बायको वारल्यानंतर, हे जमलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"कारण समाधानकारक आहे," ते म्हणाले. "धरा रे कोपरे. हा माझा."

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी लालेलाल झाल्या होत्या. "पलंगावरचे कपडे काढायला हवेत," एवढंच म्हणाल्या आणि त्या वयात जिना दोन दोन पायऱ्यांनी चढून गेल्या.

त्या गादीच्या मिरवणुकीचं वर्णन करायला एक वेगळा माणूस हवा. मेव्हणा पुढे राहून हुकूम सोडत होता, "डावीकडे! माझ्या डावीकडे नाही, गादीच्या!" पहिल्या वळणावर सेक्रेटरी भिंत आणि गादी यांच्यामध्ये चेपले गेले आणि आतून "मी ठीक आहे" असं सांगत राहिले. दुसऱ्या वळणावर मावशींचे ते दमून गादीला टेकले आणि टेकल्या टेकल्या त्यांना डुलकी लागली. पण माणसं हसत होती, ओरडत होती, आणि कुणी कोपरा सोडत नव्हतं. गादी घरात शिरली, बाहेरची खोली ओलांडून बोळात आली आणि आतल्या दारापाशी थांबली.

"दाजी, तुम्ही आत जा आणि ओढा! आम्ही ढकलतो!"

भाऊसाहेब आत गेले. दोन वर्षं जे जमलं नव्हतं ते असं घाईगर्दीत होऊन गेलं आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांनी ओढलं, बाहेरच्यांनी रेटलं. फोमची गादी असती तर वाकली असती. पण काथ्या म्हणजे भरवसा. अर्धी दारात आणि अर्धी बोळाच्या वळणात अशी ती जी रुतली, ती रुतली. पुढे जाईना, मागे येईना. दार बुजलं. वर वीतभर फट राहिली आणि बाजूनं मांजर जाईल एवढी. भाऊसाहेब मांजर नव्हते.

"दाजी, घाबरू नका!" गादीपलीकडून मेव्हण्याचा आवाज दबून आला. "चौकट काढायला लागेल! मी सुतार बघतो!"

खोलीत वहिनी होत्या, जुनी गादी होती आणि भाऊसाहेब होते. खोलीला लागून न्हाणीघर होतं, त्यामुळे कुणाची काही अडचण नव्हती. भाऊसाहेब दाराकडे तोंड करून उभे राहिले. खरं तर बघायला तिथे गादीशिवाय काही नव्हतं.

"बसा तरी," वहिनी म्हणाल्या.

ते पलंगाच्या कडेला बसले. बसल्यावर कळलं, की ते आपल्याच बाजूला बसलेत.

"एवढ्या माणसांत बोललात," वहिनी म्हणाल्या. "मला एकटीला सांगितलं असतंत तर?"

"कारण सुचत नव्हतं."

"नवऱ्याला आत यायला कारण लागतं?" त्या हसल्या, आणि मग हसू थांबलं. "पण मीही विचारलं नाही हो. म्हटलं, तुम्हाला बाहेरच बरं वाटत असेल. विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात, तर मी काय करायचं? त्यापेक्षा न विचारलेलं बरं."

भाऊसाहेबांच्या मनात आलं, की आपण दोघं एकाच फायलीची वाट बघत बसलो होतो आणि ती कुणी पाठवलीच नव्हती. पण ते टेबलाचं बोलणं झालं. त्यांनी ते गिळलं आणि बायकोचा हात हातात घेतला.

वरच्या फटीतून मावशींचा हात आला. हातात जेवणाचा डबा होता. "गरम आहे, जपून घ्या हो!" त्यामागे कुणीतरी "ढकलू नका" म्हणालं, कुणीतरी खुर्ची सरकवली, आणि मग मेव्हण्याचा धापा टाकणारा, विजयी आवाज आला.

"ताई! दाजी! सुतार मिळाला! अर्ध्या तासात येतो म्हणतोय, लगेच मोकळं करतो तुम्हाला!"

भाऊसाहेब उठायला लागले. वहिनींनी हात सोडला नाही.

"त्याला म्हणावं, उद्या सावकाश ये," त्या फटीकडे तोंड करून म्हणाल्या. "रविवार आहे. त्यालाही घरी बायको असेल."

पलीकडे सेक्रेटरी सगळ्यांना चला चला म्हणत असल्याचं ऐकू आलं, चपला वाजल्या आणि बाहेरचं दार कुणीतरी हळूच ओढून घेतलं. भाऊसाहेबांनी चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि पाय वर घेतले.